दोन पथ्यांमधला स्कोन

न्याहारीच्या पदार्थांत स्कोनचे स्थान काहीसे अधांतरी आहे. तो पाव नव्हे, कारण त्यात यीस्ट नसते आणि पीठ तिंबून आंबवावे लागत नाही. तो केक नव्हे, कारण साखर आणि अंडी त्यात नाममात्र असतात किंवा नसतातच. आणि बिस्किटाचा खुसखुशीतपणा त्याच्या केवळ कडांना असतो. मूळचा तो स्कॉटलंडचा. ओट किंवा जवाच्या पिठाची जाड गोल भाकरी लोखंडी तव्यावर भाजून तिचे चार तुकडे करायचे, हे त्याचे जुने रूप होते. 19व्या शतकात खायचा सोडा आणि बेकिंग पावडर घरोघर पोचल्यानंतर गव्हाच्या मैद्याचा, भट्टीत फुगणारा आजचा स्कोन रूढ झाला. इंग्लंडमध्ये तो गोल कापून दुपारच्या चहाबरोबर साय आणि जॅम लावून खातात, तर अमेरिकेत तो त्रिकोणी आकाराचा, अधिक गोड आणि बहुधा साखरेचा लेप घेतलेला असा सकाळच्या कॉफीसोबत येतो.

या परिचित पदार्थाला अलीकडे दोन अटी घातल्या जातात. पहिली अशी की त्यात कर्बोदके, म्हणजे पचनानंतर रक्तातील साखर वाढवणारे पिष्ट आणि शर्करा हे घटक, शक्य तितकी कमी असावीत; दुसरी अशी की ज्या पदार्थांची ॲलर्जी सर्वांत अधिक आढळते ते गहू, दूध, अंडी, शेंगदाणे आणि कठीण कवचाची फळे त्यात नसावीत. दुकानांतील पाकिटांवर आणि पाककृतींच्या मथळ्यांत या दोन अटी इतक्या सहजपणे शेजारी शेजारी छापलेल्या असतात की ती जुळी भावंडे आहेत असे वाचकाला वाटावे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ही दोन पथ्ये वेगवेगळ्या गरजांतून जन्मली, आणि त्यांतील प्रत्येकाने आपली अडचण सोडवताना नेमका तोच पदार्थ हाताशी धरला जो दुसऱ्याला चालत नाही. दोन्ही पाळणारा स्कोन करणे अवघड जाते ते या कारणाने, आणि त्यात लिंबू किंवा संत्रे निव्वळ स्वादापुरते उरत नाही तेही याच कारणाने.

ज्या बेकिंग पावडरीवर आधुनिक स्कोन फुगतो तिचा उगमच एका पथ्यात आहे. बर्मिंगहॅममधील औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याची पत्नी एलिझाबेथ हिला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. तिला कस्टर्ड खाता यावे म्हणून त्याने 1837 साली अंड्याऐवजी मक्याच्या पिष्टाने दाट होणारी भुकटी तयार केली, आणि यीस्टशिवाय पाव फुगवता यावा म्हणून 1843 साली बेकिंग पावडर सिद्ध केली. बेकिंग पावडर म्हणजे सोडा हा अल्क आणि एखादे कोरडे आम्ल यांचे मिश्रण: पाणी लागताच दोहोंची क्रिया होऊन कर्ब वायू सुटतो आणि पिठात बुडबुडे धरतात. डब्यात असताना ही क्रिया अकाली सुरू होऊ नये यासाठी ओलावा शोषून घेणारे पिष्ट त्यात मिसळले जाते. बर्डच्या दोन्ही उपायांत पिष्ट आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पुढच्या काळात ॲलर्जी टाळणाऱ्या स्वयंपाकाने जो मार्ग धरला तो बहुतांशी हाच होता: गहू चालत नसेल तर तांदूळ, अंडे चालत नसेल तर मक्याचे, बटाट्याचे किंवा टॅपिओकाचे पिष्ट.

बर्डनंतर वीस वर्षांनी, त्याच इंग्लंडमध्ये, दुसऱ्या पथ्याला लोकमान्यता मिळाली. विल्यम बँटिंग हा लंडनमधील अंत्यविधीची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. वाढत्या वजनाने तो इतका जेरीस आला होता की विल्यम हार्वी या वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे यांना फाटा दिला, आणि त्याचा गुण आल्यावर 1863 मध्ये आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. ही पुस्तिका इतकी खपली की त्याचे आडनाव इंग्रजीत काही काळ आहारनियमनाचे क्रियापद होऊन बसले. त्याच्या न्याहारीत मांस किंवा मासे असत, दूध-साखर नसलेला चहा असे, आणि त्यासोबत एखादे लहान बिस्किट किंवा जेमतेम एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, कोरडा टोस्ट असे. पावाला शत्रू ठरवणाऱ्या माणसालाही सकाळी पावाचा तुकडा पूर्णपणे सोडवला नाही, आणि कमी कर्बोदकांच्या स्कोनची सगळी खटपट त्या 28 ग्रॅमांच्या जागेसाठी चालते असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. बँटिंगच्या आधीपासून मधुमेहाच्या वैद्यांनी ही जागा भरण्याचे प्रयत्न चालवले होते. इन्शुलिनपूर्व काळात आहार हाच त्यांच्या हातातील मुख्य उपाय होता. पॅरिसच्या आपोलिनेर बुशार्दा याने ग्लूटेनचा पाव सुचवला, तर लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही याने बदामाच्या पिठाचा. ग्लूटेन म्हणजे गव्हातील प्रथिनांची चिवट जाळी: मैद्याची कणीक पाण्याखाली चोळत राहिले की पिष्ट वाहून जाते आणि मागे जो रबरासारखा गोळा उरतो तो ग्लूटेन. रोग्याला पिष्ट वर्ज्य असल्याने बुशार्दाने हा गोळाच पावाचा आधार केला. कमी कर्बोदकांचा पहिला प्रसिद्ध पाव जवळजवळ निव्वळ ग्लूटेनचा होता आणि त्याचा पर्याय बदामाचा होता. म्हणजे आजच्या ॲलर्जीच्या यादीत वरच्या ओळींवर असलेले दोन पदार्थ.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच बोलका आहे. सीलिअक या विकारात ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते, अन्न अंगी लागत नाही आणि मुले खंगत जातात. ग्लूटेनचा दोष उघड होण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने 1924 मध्ये अशा मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला, आणि त्यातून अनेक मुले बरी झाली. पाव आणि धान्ये बंद झाल्यामुळे ती बरी होत होती, पण श्रेय गेले केळ्याला. खरे कारण नेदरलंड्सच्या विलेम-कारेल डिके याने शोधले. त्याचा गव्हावरचा संशय 1930च्या दशकातलाच होता, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पडलेल्या डच दुष्काळात पाव मिळेनासा झाल्यावर तो बळावला, आणि 1950 च्या त्याच्या प्रबंधात तो शास्त्रीय रीतीने मांडला गेला. परंतु गहू वगळल्यावर ताटात जे आले ते पुन्हा पिष्टच होते. महाराष्ट्रातील उपवासाचा स्वयंपाक याच न्यायाने चालतो: गहू-तांदूळ वर्ज्य मानून राजगिरा, शिंगाडा, वरई आणि साबुदाणा यांवर एक संपूर्ण पाकपरंपरा उभी राहिली, जी सीलिअकच्या रोग्याला बव्हंशी निर्धोक आहे, पण मधुमेह्याने साबुदाण्याच्या खिचडीकडे पाहिले तर त्याला तो उपवास फारसा मानवणार नाही, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला तर कुटाचा वासही धोक्याची सूचना वाटेल.

येथे काही संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात त्या एकमेकींत मिसळून जातात. ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने केलेली चढाई. ती काही मिनिटांत उठणाऱ्या गांधींपासून प्राणघातक श्वासरोधापर्यंत कोणतेही रूप घेऊ शकते. सीलिअक हा त्याहून वेगळा, शरीराने स्वतःच्याच ऊतींवर उलटण्याचा विकार आहे, आणि दुधातील शर्करा न पचणे ही केवळ पचनातील उणीव आहे. ॲलर्जीकारक पदार्थांची यादी सार्वत्रिक नसते. ती देशागणिक बदलते. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमावलीत असे 14 पदार्थ आहेत. अमेरिकेच्या 2004 च्या कायद्यात ते आठ होते आणि 2023 पासून तीळ धरून नऊ झाले. युरोपच्या यादीत ल्युपिन नावाचे एक कडधान्य आहे, ज्याचे कमी कर्बोदकांचे पीठ बेकिंग करणाऱ्यांना फार प्रिय असते. पण शेंगदाणा न सोसणाऱ्या काही व्यक्तींना तेही सोसत नाही, आणि अमेरिकी यादीत त्याचे नाव नाही. नारळाची गोष्ट याच्या उलट झाली. अमेरिकी अन्न व औषध प्रशासन त्याची गणना अनेक वर्षे बदाम-अक्रोडांच्या गटात करीत असे आणि जानेवारी 2025 मध्ये त्याने ती मागे घेतली. कोकणच्या माणसाला या निर्णयाचे फारसे नवल वाटले नसते. ‘ॲलर्जीमुक्त’ असा शब्द म्हणूनच फसवा आहे. एखादा स्कोन अमुक व्यक्तीसाठी, अमुक पदार्थांपुरता सुरक्षित असू शकतो, सर्वांसाठी नव्हे, आणि लिंबूवर्गीय फळे न सोसणारी माणसेही जगात आहेतच.

बदाम आणि गहू दोन्ही गेल्यावर हाती राहते ते प्रामुख्याने खोबऱ्याचे पीठ, सूर्यफुलाच्या बियांचे पीठ आणि जवस. खोबऱ्याचे पीठ म्हणजे दूध काढून घेतल्यानंतर उरलेला चोथा वाळवून दळलेला. त्यात तंतू, म्हणजे न पचणारा भाग, मैद्याच्या कितीतरी पट असतो. कमी कर्बोदकांचा हिशेब मांडताना हे तंतू एकूण कर्बोदकांतून वजा करण्याची प्रथा आहे. या हिशेबाची निकड साध्या आकड्यांवरून लक्षात येते: इंग्रजी घराघरांत चालणाऱ्या प्रमाणानुसार आठ स्कोनांना 225 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम लोणी आणि 150 मिलिलिटर दूध लागते, आणि एकट्या मैद्यातूनच प्रत्येक स्कोनच्या वाट्याला सुमारे 21 ग्रॅम कर्बोदके येतात. त्यावर चमचाभर जॅम आला की सकाळच्या वेळी, जेव्हा अनेक मधुमेह्यांची साखर संप्रेरकांच्या प्रभावाने आधीच चढलेली असते, हा पदार्थ परवडेनासा होतो.

सुदैवाने ग्लूटेन गमावण्याचे दुःख स्कोनला पावाइतके होत नाही. पावाचा सगळा डोलारा ग्लूटेनच्या जाळीवर उभा असतो, तर स्कोन करणारा कुशल हात त्या जाळीला होताहोईतो रोखू पाहतो: पीठ कमीत कमी मळावे, साचा न पिळता सरळ दाबावा, या जुन्या सूचनांचा अर्थ एवढाच की ग्लूटेन जागा झाला तर स्कोन चिवट होतो. खरे नुकसान होते ते लोण्याच्या बाबतीत. करंजीच्या पारीला कडकडीत मोहन घालतात आणि पिठाचा मुटका वळला की ते पुरेसे झाले असे समजतात. स्कोनला मोहनच असते, पण ते गार, आणि ते पिठात पूर्ण विरघळू द्यायचे नसते. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे भट्टीच्या उष्णतेने वितळतात, त्यांतील सुमारे 16 टक्के पाण्याची वाफ होते आणि त्या जागी पापुद्रे सुटतात. दूध वर्ज्य असल्याने लोणी गेले. तूपही निःशंक चालत नाही, कारण कढवून गाळल्यावरही दुधातील प्रथिनांचा अंश त्यात राहू शकतो आणि तीव्र ॲलर्जीला अंश पुरतो. मग खोबरेल तेल येते. ते सुमारे 24 अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे लोण्यापेक्षा बरेच आधी, आणि थंड केले तर लोण्यासारखे लवचीक न राहता काचेसारखे तडकते. शिवाय त्यात पाणी नसल्यामुळे त्याची वाफही होत नाही. ज्यांनी पुण्याच्या थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवली आहे त्यांना त्याचा हा गोठण्या-वितळण्याचा स्वभाव परिचित असेल. त्यामुळे असे तेल किसून, पिठात चटकन मिसळून, गोळा पुन्हा गार करावा लागतो, आणि तरीही पापुद्र्यांची अपेक्षा थोडी कमीच ठेवलेली बरी. मिळते ती भुसभुशीत, बारीक कणीची घडण.

अंड्याची जागा घेतो तो इसबगोल. त्याची टरफले पाणी पिऊन दाट लगदा होतात, आणि ग्लूटेन, अंडे व पिष्ट या तिघांनी वाटून घेतलेले बांधून ठेवण्याचे काम हा लगदा एकटा करतो. गुजरातच्या उत्तर भागात मोठ्या प्रमाणावर पिकणारे आणि भारतीय घरांत पोट साफ करण्यापुरतेच ओळखले जाणारे हे टरफल पाश्चात्त्य बेकरीत एवढ्या मानाला चढेल असे त्याच्या उत्पादकांना फारसे वाटले नसेल. त्याची एकच अट आहे, ती वेळेची: लगदा नीट धरायला पाच-दहा मिनिटे लागतात.

याच टप्प्यावर लिंबाचा खरा विचार सुरू होतो. मक्याचे पिष्ट टाळायचे तर बहुतेक बाजारी बेकिंग पावडरी बाद होतात, आणि उरतो एकटा सोडा, ज्याला आम्ल हवे. लिंबाच्या रसात सुमारे पाच ते सहा टक्के सायट्रिक आम्ल असते, त्यामुळे चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा सोडा पुरता शमवायला साधारण 35 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एका मोठ्या लिंबाचा, रस लागतो. बर्डच्या भुकटीतील आम्लाचे काम अशा रीतीने फळाकडे सोपवले जाते आणि पिष्टाचे कारणच उरत नाही. मात्र ही क्रिया तत्क्षणी होते, वायू वाट पाहत नाही, आणि इसबगोलाला तर वाट पाहावीच लागते. यावर उपाय असा की इसबगोल आधी पाण्यात वेगळा फुगवून घ्यावा, सोडा कोरड्या पिठात राहू द्यावा, रस अगदी शेवटी घालावा आणि कापलेले तुकडे विनाविलंब भट्टीत जावेत. या क्रमात हयगय झाली तर स्कोन बसतो. दुसरे कारण अधिक विस्मयकारक आहे. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते, जे अल्काच्या सान्निध्यात हिरवे पडते; सोड्याचे प्रमाण जरा चढले तर भट्टीतून सोनेरी निघालेला स्कोन थंड होता होता आतून गडद हिरवा होतो. तो खाण्यास अपायकारक नसतो, पण बुरशीची शंका घेऊन तो टाकून देणाऱ्याला दोष देता येणार नाही. लिंबाचे आम्ल हा अल्क मारते आणि रंग टिकवते.

तिसरे काम सालीचे. लिंबाच्या रसात आंबटपणा असतो, पण ज्याला आपण लिंबाचा वास म्हणतो तो मुख्यतः सालीच्या रंगीत थरातील तेलग्रंथींत साठलेला असतो. संत्र्याच्या बाबतीत हे अंतर अधिकच जाणवते. शंभर ग्रॅम संत्र्याच्या रसात सुमारे दहा ग्रॅम कर्बोदके येतात आणि आम्ल जेमतेम एक टक्का असते, त्यामुळे या स्कोनमध्ये रस लिंबाचा आणि वास संत्र्याच्या सालीचा अशी वाटणी शहाणपणाची ठरते. साल किसताना खालचा पांढरा थर सुटू देऊ नये, तो कडू असतो. युरोपातील जाड सालीच्या पिवळ्या लिंबाला हे सोसते, आपल्या कागदी लिंबावर मात्र किसणी दुसऱ्या फेरीतच पांढऱ्यावर उतरते, आणि नागपुरी संत्र्याची सैल साल सोलून घेऊन सपाट ठेवल्यावरच किसली जाते. बाजारातील चकचकीत फळांवर मेणाचा लेप असतो, तो गरम पाण्याने घासून काढावा. किसलेली साल थेट पिठात न टाकता खोबरेल तेलात मिसळल्यास वास अधिक चांगला उतरतो, कारण ही सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्धात विरघळतात. स्कॉटलंडच्या न्याहारीत स्कोन आणि संत्रे यांची गाठ पूर्वीपासून आहेच. डंडी शहरात 1797 साली केलर कुटुंबाने मार्मालेडचा, म्हणजे सेव्हिलच्या कडू संत्र्यांच्या सालीसकट मुरंब्याचा, धंदा सुरू केला, आणि तेव्हापासून तो मुरंबा तिकडच्या न्याहारीशी जोडला गेला. त्या बरणीतला मोठा भाग साखर. कमी कर्बोदकांच्या स्कोनने बरणी हटवली आणि साल पिठात घेतली.

साखरेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यात निवाडा देताना सावध असावे. साखर गोडवा देतेच, शिवाय ओलावा धरून ठेवते आणि तपकिरी रंग आणते. तिच्याऐवजी बहुधा एरिथ्रिटॉल वापरतात. हे शर्करेपासून बनवलेले एक मद्यार्क-वर्गीय संयुग असून त्याचा गोडवा साखरेच्या सुमारे 70 टक्के असतो, रक्तशर्करेवर त्याचा परिणाम होत नाही, पण ते जिभेवर गारवा सोडते आणि थंड झाल्यावर कचकचीत खडे धरते. कॉफीच्या स्कोनमध्ये तो गारवा खटकतो, लिंबाच्या स्कोनमध्ये तो आंबटपणाचाच भाग वाटतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी 2023 मध्ये रक्तातील एरिथ्रिटॉलचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध नोंदवला. एक दुसऱ्याचे कारण आहे असे त्यातून सिद्ध झालेले नाही, कारण शरीर स्वतःही हे संयुग तयार करते, परंतु रोज सकाळी मुठीने घेण्याचा हा पदार्थ नव्हे, एवढी सूचना त्यातून घ्यायला हरकत नाही. ॲल्युलोज नावाची विरळ शर्करा रंग छान आणते. अमेरिकेत 2019 पासून तिला वेष्टनावरील साखरेच्या बेरजेतून वगळण्याची मुभा आहे, युरोपीय संघात मात्र अन्नघटक म्हणून तिला मान्यता नाही. याहून सरळ मार्ग गोडवाच कमी करण्याचा. जुन्या तव्यावरच्या स्कोनमध्ये साखर नव्हतीच, आणि सालीचा वास भरपूर असेल तर जिभेला निम्म्या गोडीत समाधान होते.

या सगळ्या अदलाबदलीत खाण्याची वेळही बदलते. मैद्याचा स्कोन भट्टीतून काढल्यावर तासाभरात उत्तम असतो आणि संध्याकाळपर्यंत वातड होतो, कारण थंड होताना त्यातील पिष्टाचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात. पाव शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे, बव्हंशी हीच पुनर्रचना. पिष्टच नसलेल्या स्कोनला हा शिळेपणा येत नाही. उलट तो गरम असताना हातात भुगा होतो, कारण इसबगोलाचा लगदा थंड झाल्यावरच पक्का धरतो आणि खोबऱ्याचे पीठ रात्रभर ओलावा सारखा करून घेते. सालीचे तेलही त्या अवधीत स्निग्धात मुरते. त्याची भीती शिळेपणाची नसते, बुरशीची असते, म्हणून उष्ण हवेत तो शीतकपाटात ठेवावा लागतो. पहाटे उठून भट्टी तापवण्याचे कारण त्यामुळे राहत नाही: हा स्कोन आदल्या संध्याकाळी भाजावा, जाळीवर पूर्ण निवू द्यावा, आणि सकाळी चहाचे आधण ठेवले की कापून, कापलेल्या बाजूने तव्यावर मिनिटभर शेकून घ्यावा.